‘हे शेवटचं’ म्हणत म्हणत घड्याळं सत्तेचाळीस झाली, आता काय करू?

पत्र: नमस्कार ताई, मी 36 वर्षांचा, बायको आणि मुलीसोबत चिंचवडला राहतो, एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. लॉकडाऊनमध्ये कपाट आवरताना वडिलांचं एचएमटी जनता सापडलं (ते एसटीत होते, आता नाहीत). चावी दिली तर चालायला लागलं, मग सर्व्हिसिंग करून घेतलं आणि तिथून सगळं सुरू झालं. आधी एचएमटीचंच पायलट घेतलं, मग कांचन, मग जपानी सेको फाइव्ह, मग दर रविवारी जुन्या बाजारात चक्कर, मग रात्री मोबाईलवर लिस्टिंग बघत बसणं. आज 47 घड्याळं आहेत, 9 सेलवाली, बाकी चावीची नाहीतर ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारी). पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो, बायकोला साधारण पंधराच माहीत आहेत. क्रेडिट कार्डवर 68 हजार थकलेत, मिनिमम ड्यू भरतोय. आता एक जुनं ओमेगा सीमास्टर दीड लाखाला मिळतंय, पाच हजार टोकन दिलंय, पर्सनल लोन काढावं म्हणतोय कारण विकणारा म्हणतो ही इन्व्हेस्टमेंट आहे. ताई, हे व्यसन आहे का? बायकोला सांगू का? की सगळी विकून मोकळा होऊ? – घड्याळवेडा, चिंचवड

उत्तर: अहो घड्याळवेडे, तुमचं पत्र वाचताना आधी हसू आलं, ‘ऑफिसच्या पत्त्यावर’ वाचून ते थोडं कमी झालं आणि ‘मिनिमम ड्यू’पाशी पूर्ण थांबलं. दोन गोष्टी आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचाल. ओमेगा घेऊ नका. आणि सगळी विकूही नका, कारण रागाच्या भरात सगळं एका झटक्यात विकणारी माणसं मी पाहिलीत, भाव पडेल तो घेतात, दोन महिने शहाण्यासारखे वागतात आणि मग जे जनता बाराशेला विकलं तसलंच अठराशेला परत घेतात.

माझ्या मामाचं सांगलीला घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, सुट्टीत मी तिथेच स्टुलावर बसून असायचे, त्यामुळे या नादाची माणसं मला लहानपणापासून माहीत आहेत. बिघडलेलं घड्याळ घेऊन येणारं गिऱ्हाईक वेगळं आणि बिघडलेलं काही नसताना नुसतं मशीन बघायला मिळेल का म्हणून येणारं वेगळं. दुसऱ्याला मामा चहा पाजायचा पण उधार द्यायचा नाही.

तुम्हाला हा नाद लागला यात तुमचा स्वतःचा वाटा वाटतो तितका मोठा नाहीये, मैदान आधीच तयार होतं. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीने बंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढची वीसेक वर्षं नोकरी लागली की एचएमटी, लग्न ठरलं की जावयाला एचएमटी, आणि कांचन तर सासऱ्याकडून मागून घ्यायचं घड्याळ. तिकडे 1969 च्या डिसेंबरात सेकोने टोकियोत ॲस्ट्रॉन काढलं, जगातलं पहिलं विकायला आलेलं क्वार्ट्झ (सेलवर, स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं) मनगटी घड्याळ, किंमत एका छोट्या गाडीइतकी. पण पुढच्या पंधरा वर्षांत तेच तंत्र इतकं स्वस्त झालं की चावीचं घड्याळ घालणारा माणूस मागासलेला वाटायला लागला. आपल्याकडे 1984 मध्ये टायटन सुरू झालं, होसूरहून सेलवाली, पातळ, देखणी घड्याळं यायला लागली, आणि घरोघरची एचएमटी कपाटातल्या डब्यात, बँकेच्या पासबुकाखाली, देवघराच्या ड्रॉवरमध्ये गेली. चालू होती, तरी गेली. म्हणजे लाखो चांगली घड्याळं फेकून न देता नुसती बाजूला ठेवली गेली. मग 2016 च्या जानेवारीत सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, बातम्या झाल्या, सगळ्यांना एकदम वडिलांचं मनगट आठवलं आणि ते डबे उघडले गेले. तुमचा डबा चार वर्षं उशिरा उघडला इतकंच.

इथपर्यंत सगळं छानच आहे. वडिलांचं घड्याळ चालू करून घातलं यात वेड वगैरे काही नाही. गंमत पुढे होते, वाचायला लागल्यावर. आधी तुम्हाला काहीच कमी नव्हतं, एक जनता होतं आणि ते वेळ दाखवत होतं. मग कळलं की देवनागरी आकड्यांचं जनता पण असतं, लगेच तुमच्याकडे ‘ते नाहीये’ असं झालं. मग कळलं की सेको फाइव्ह 1963 पासून आहे आणि मागच्या झाकणावरच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरला ओ, एन, डी ही अक्षरं. आता क्वालिटीच्या माणसाला असलं काही सापडलं की संपलंच की हो! आपल्या जन्मवर्षाचं हवं, लग्नाच्या महिन्याचं हवं, मुलीच्या वर्षाचं हवं. मग डायव्हर (पाण्यात बुडी मारायचं) नाही, क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं) नाही, ड्रेस वॉच (समारंभाचं) एकच आहे आणि ते पण सोनेरी, स्टीलचं हवं. जितकी माहिती वाढते तितक्या रिकाम्या जागा वाढतात आणि प्रत्येक रिकाम्या जागेसमोर ‘हे शेवटचं’ असं लिहिलेलं असतं. गोळा करणाऱ्या प्रत्येकाचं असंच असतं, नाणीवाले घ्या, पेनवाले घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लाज नाही पण हिशोब हवा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात धोकादायक वाटली ती ओमेगा नाही, ती आधीची सत्तेचाळीस. ओमेगासाठी तुम्ही थांबलात, विचार केलात, मला पत्र लिहिलंत. दीड हजाराच्या पायलटसाठी कोणाला विचारलंत? ‘दीड हजारच तर आहे’, ‘दोन पिझ्झांचे पैसे’, असं करत करत सरासरी अडीच हजार धरली तरी एक लाख सतरा हजार होतात, आणि मला खात्री आहे की सरासरी अडीचपेक्षा जास्तच असणार कारण सेको आहेत. महागड्या घड्याळांचा शौक श्रीमंतांना परवडतो म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो, पण मध्यमवर्गीय माणसाला बुडवायला स्वस्त घड्याळांचा शौकच जास्त लायक आहे, कारण त्यात थांबून विचार करावा असा क्षणच येत नाही.

आणि दुसरं, खरं खरं सांगा, शेवटची पाच घड्याळं प्रत्येकी किती वेळा घातलीत? सत्तेचाळीस घड्याळं सारखी वाटून घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे आठ दिवस पण धड येत नाहीत. माझा अंदाज असा की तुम्हाला सगळ्यात भारी वाटतं ते पैसे पाठवल्यापासून ऑफिसच्या रिसेप्शनवर खोका येईपर्यंत, मग फोडताना, मग त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला परत लिस्टिंग सुरू. म्हणजे घड्याळं आवडतात हे खरंच, पण आता त्यावर शिकारीचा नाद चढलाय, आणि कार्ड भरतंय ते त्या शिकारीमुळे. दोन्ही वेगळे करता आले तर तुमचं काम झालं.

आता हात वापरू. येत्या रविवारी जुन्या बाजारात न जाता सगळी सत्तेचाळीस टेबलावर पांढऱ्या कपड्यावर मांडा, हो, ऑफिसच्या ड्रॉवरमधली पण आणा. डोळ्याला लावायचं भिंग तुमच्याकडे असणारच. एकेक डायल बघा. कंपनीत छापलेल्या डायलची अक्षरं जुनी झाली तरी कडा रेखीव राहतात, परत रंगवलेल्या डायलवर शाई किंचित फुटलेली दिसते, जनतावरचं ‘पॅरा शॉक’ (धक्का सहन करणारं) हे छापील नाव एका बाजूला झुकलेलं असतं, मिनिटांच्या बारीक रेघा ताशी खुणांच्या बरोबर मध्ये येत नाहीत, डायल पन्नास वर्षांची आणि काटे कालच आणल्यासारखे. आता केसकडे, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाकडे बघा, पट्टा जिथे अडकतो ते चारी कान गोल गुळगुळीत झाले असतील तर कोणीतरी पॉलिश मशीनवर मनसोक्त घासलंय. सेको उघडून बघा, झाकणावर छापलेल्या नंबरातले पहिले चार आकडे आणि आतल्या मशीनवरचा नंबर जुळला पाहिजे, झाकणावर 6309 आणि आत 7009 असेल तर ते दोन-तीन घड्याळांचं मिळून एक बनवलेलं आहे. हे तुम्ही रोज कंपनीत करता, इनवर्ड इन्स्पेक्शन, आलेल्या मालाची तपासणी. मालाला लावता तेच डोळे इथे का मिटता?

माझ्या अंदाजाने अर्धी तरी रंगवलेली निघतील. जगभरच्या घड्याळवाल्यांमध्ये असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आपल्या मुंबईच्या नावाने! गल्फमधून आलेली आणि इथे जुनी झालेली सेको फाइव्ह, बंद पडलेली एचएमटी गोळा करायची, मशीन साफ करायचं, डायल नव्याने छापायची, कधी भडक निळी, कधी केशरी, कधी कंपनीने जन्मात काढली नाही अशी, आणि ऑनलाइन विकायची. मला त्या कारागिरांबद्दल राग नाही बरं का, भंगारात जाणारं मशीन चालू करून देतात, हात चांगला आहे त्यांचा, आणि दीड हजारात चालतं घड्याळ मिळालं म्हणून घालायला काही वाईट नाही. पण ते ‘रेअर’ म्हणून घेतलं असेल तर फसलात. देवनागरी आकड्यांच्या जनतात तर हे फारच, मागणी वाढली तशी डायल छापणारे वाढले.

या मांडामांडीत तुमचा निर्णय तुम्हीच घ्याल, पण माझं मत सांगू का, दहा-बारा ठेवा. वडिलांचं जनता तर आहेच, त्याशिवाय जी हातात घेतल्यावर ती कुठून, कोणाकडून, कशी मिळाली हे तुम्हाला बायकोला सांगावंसं वाटेल ती. उरलेली विका, आणि विकताना रंगवलेली आहे तर रंगवलेली आहे असं स्पष्ट लिहून विका. जुन्या बाजारात नेऊ नका, तिथे एकगठ्ठा मालाला काहीच मिळत नाही, घेणाऱ्याला पण पुढे विकायचंय. तुमच्यासारख्याच शौकिनांना एकेक करून द्या, वेळ लागेल, चालेल. आलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी कार्डावर. कारण बघा, 68 हजार थकलेले आणि मिनिमम भरत राहिलात तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज, वर जीएसटी, म्हणजे दोन-अडीच हजार नुसते व्याजाचे. दर महिन्याला एक बऱ्यापैकी घड्याळ तुम्ही बँकेला भेट देताय आणि ते सत्तेचाळीसमध्ये मोजतही नाही. वर थकबाकी असेपर्यंत नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तेव्हा त्याच कार्डावर किराणा भरत असाल तर तो पण व्याजाचाच.

एक खर्च तर तुम्ही अजून धरलाच नाहीये. तुमच्याकडे 38 चावीची-ऑटोमॅटिक आहेत. आतलं तेल चार-पाच वर्षांत सुकतं, मग घड्याळ मागे पडतं, तसंच चालवलं तर पिव्होट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, झिजतात. म्हणजे वर्षाला सात-आठ घड्याळांचं सर्व्हिसिंग, सातशे रुपये धरले तरी पाच हजारांच्या पुढे, कायमचं. आणि चांगला घड्याळजी शोधून दाखवा आधी, पेठांमध्ये सुद्धा आता बरेच जण फक्त सेल आणि पट्टे बदलतात.

ओमेगा. विकणाऱ्याला ‘ही इन्व्हेस्टमेंट आहे का’ विचारणं म्हणजे भाजीवालीला भेंडी कोवळी आहे का विचारणं. घड्याळांचे भाव वाढतात असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय त्याला 2017 सारखे लिलाव कारणीभूत आहेत, हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं स्वतःचं रोलेक्स डेटोना न्यूयॉर्कला पावणेदोन कोटी डॉलरला गेलं. पण ते पॉल न्यूमनचं होतं! कोविडनंतर रोलेक्स, पाटेक वगैरेची काही मोजकी मॉडेल्स वेड्यासारखी वाढली आणि 2022 च्या सुरुवातीनंतर तीच खाली पण आली, वरच्या भावात घेतलेले हात चोळत बसले. तुमचं सीमास्टर त्यात कुठेच येत नाही, सीमास्टर हे नाव ओमेगा 1948 पासून वापरतंय, जुनी ढिगाने आहेत, आणि आपल्याकडे फिरणाऱ्या बऱ्याच जुन्या ओमेगांच्या डायलची गत जनतासारखीच आहे. उद्या विकायला गेलात तर दुकानदार त्याचं मार्जिन धरूनच भाव सांगणार. लोनचं व्याज तुमचं, घसारा तुमचा, सर्व्हिसिंग तुमचं, आणि एका ओरखड्याला दहा हजार कमी. कर्ज काढून घेतलेलं घड्याळ घालवत पण नाही हो मनगटावर, सारखी भीती.

व्यसन आहे का? मी डॉक्टर नाही, शिक्का मारणार नाही. पण लपवणं, उसने पैसे, झोप मोडणं, ही तिन्ही तुमच्या पत्रात आहेत, चौथं बघायचंय ते म्हणजे थांबायचं ठरवून थांबता येतं का. सहा महिने खरेदी बंद. ‘एक आलं की एक काढायचं’ वाला नियम बरेच जण सुचवतात, मला तो सुरुवातीला अजिबात पटत नाही, कारण त्यात शिकार चालूच राहते, फक्त आता विकायचं पण काम वाढतं. विकणारी ॲप मोबाईलवरून काढा, विकायचं काम शनिवारी दुपारी लॅपटॉपवरून करा. सहा महिन्यांत दोन-तीनदा घसरलात आणि पुन्हा लपवायला लागलात तर समुपदेशकाकडे जा, तोपर्यंत बोलायला सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

पण हातांना काम तर हवंच, नाहीतर साडेअकरा वाजता अंगठा आपोआप तिकडेच जाणार. तर ठेवलेल्या दहा-बारांची मोजणी सुरू करा. जनता ताशी 18 हजार ठोके टाकतं, सेकंदाला पाच. रोज रात्री ठराविक वेळेला मोबाईलच्या वेळेशी लावून बघा, दिवसाला किती सेकंद पुढे किती मागे, डायल वर करून ठेवलं तर किती, चावी खाली करून उभं ठेवलं तर किती, वहीत लिहा. आडव्या आणि उभ्यातला फरक मोठा आला तर बॅलन्समध्ये (ठोके टाकणाऱ्या चाकात) काहीतरी आहे. एखादं अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुतेक चुंबकत्व लागलंय, मोबाईल कव्हरचं मॅग्नेट किंवा स्पीकर बघा, घड्याळजीकडे डिमॅग्नेटायझर असतो, मिनिटभराचं काम. नंतर एखादं बंद जनता उघडून परत जोडायला शिका, बिघडलं तर बिघडलं. (हत्यारं मात्र मोजकीच घ्या, नाहीतर मला सहा महिन्यांनी तुमचं स्क्रू ड्रायव्हरवालं पत्र येईल.)

बायकोला सांगायचंच, आणि विकायला काढण्याआधी सांगायचं, नंतर नाही. पंधरा माहीत आहेत म्हणताय, मला तर वाटतं तिला पंधराहून जास्त माहीत असतील आणि ती तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघत असेल. मुलगी झोपल्यावर सगळी मांडूनच दाखवा, शेजारी कार्डाचं स्टेटमेंट ठेवा, आणि ओमेगाचं टोकन पण त्याच वेळी सांगून टाका, ते नंतर कळलं तर आधीच्या सगळ्या सांगण्यावर पाणी. घड्याळांपेक्षा ऑफिसच्या पत्त्याचा राग जास्त येईल, येऊ द्या. ‘इन्व्हेस्टमेंट’ हा शब्द तोंडातून काढू नका. आणि कृपा करून तिच्यासाठी लेडीज घड्याळ घेऊन जाऊ नका, असले दोन नवरे मला माहीत आहेत.

साठवणीचं थोडक्यात सांगते, पावसाळा तोंडावर असेल तर चामड्याचे पट्टे काढून वेगळे ठेवा, बुरशी धरतात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. विकली न जाणारी सेलवाली पडून राहणार असतील तर आतले सेल काढा, गळलेला सेल सर्किट खातो आणि मग ते दुरुस्त करायला मशीनच बदलावं लागतं.

आणि त्या टोकनवाल्याला आजच मेसेज करा, ‘घ्यायचं रद्द केलंय, पाच हजार परत पाठवा’. कारण सांगत बसू नका, कारण सांगितलं की तो भाव कमी करेल आणि तुम्ही परत विचारात पडाल. परत दिले तर ठीक, नाही दिले तर पाच हजार गेले असं समजा आणि नंबर ब्लॉक करा, एक लाख पंचेचाळीस वाचले.